गोवर, गोड गोळ्या आणि लसीचे कार्ड

गोवराचे पुरळ आधी कानांमागे आणि केसांच्या कडेला उमटते, तिथून चेहरा, छाती, पोट असे उतरत पायांपर्यंत पोहोचते आणि पाच-सहा दिवसांनी ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मावळू लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे कोणत्याही औषधाविना घडते, कारण गोवराच्या विषाणूवर थेट चालणारे खात्रीचे औषध आजही कोणत्याच वैद्यकाकडे नाही. पुरळ दिसताच ज्याने पल्सॅटिला या होमिओपॅथीच्या औषधाच्या गोळ्या दिल्या, त्याला आठवड्याच्या आत मूल हुशारलेले दिसते. ज्याने उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला त्यालाही दिसते आणि ज्याने काहीच केले नाही त्यालाही दिसते. आपोआप ओसरणारा आजार प्रत्येक औषधाच्या बाजूने साक्ष देतो. होमिओपॅथीचा वाद निघाला की ‘आमच्या मुलाला गुण आला’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते बोलणारी माणसे खोटे बोलत नसतात. मूल खरोखर बरे झालेले असते. ते गोळ्यांमुळे झाले, एवढाच भाग सिद्ध झालेला नसतो.

होमिओपॅथीच्या गोळीने गोवर झालेल्या मुलाचे थेट नुकसान होते, असा माझा दावा नाही. साखरेच्या चार गोळ्यांनी कोणाचे काय बिघडणार? माझा आक्षेप त्या गोळीने व्यापलेल्या जागेला आहे. गोवराच्या बाबतीत दोन जागा मोलाच्या असतात. एक, मूल नऊ महिन्यांचे झाल्यावर लसीची पहिली मात्रा देण्याची. आणि दुसरी, आजार सुरू झाल्यावर गुंतागुंत ओळखण्याची. या दोन्ही जागी गोळ्यांची बाटली येऊन बसली की जे व्हायला हवे ते होत नाही, आणि त्याची किंमत अनेकदा बाटली घेणाऱ्याला नव्हे, तर शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या बाळाला मोजावी लागते.

आपल्याकडे या उपचाराला इतकी सहज मान्यता का मिळाली, याचे एक कारण मला आपल्याच घरांत सापडते. गोवर ‘बाहेर पडला पाहिजे’, तो ‘आत जिरला’ तर घात होतो, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. माझी आजी गोवर निघालेल्या मुलाला ताप उतरवणारे औषध देऊ देत नसे. पुरळ पुरते फुलले की तिला हायसे वाटे. होमिओपॅथीच्या तत्त्वज्ञानातही दडपलेल्या त्वचारोगाची कल्पना मध्यवर्ती आहे: त्वचेवर उमटलेले दडपले तर रोग आतल्या अवयवांकडे वळतो, असे होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान यांनी ‘सोरा’च्या सिद्धांतात मांडले. जर्मनीतल्या डॉक्टरचा सिद्धांत आणि आजीची समजूत अशा अगदी शेजारी येऊन बसल्या. होमिओपॅथीचा डॉक्टर जेव्हा ‘आपण गोवर दाबायचा नाही, नीट बाहेर पडू द्यायचा’ असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते परके वाटत नाही. त्याच्या मनातले कोणीतरी पदवीच्या शिक्क्यानिशी सांगते आहे असे वाटते. गोवरात खरे संकट येते ते न्यूमोनियाच्या, जुलाबांच्या किंवा मेंदूच्या सुजेच्या रूपाने. अशा वेळी पुरळ फिके दिसले तर ‘आत जिरला’ असे म्हटले जाते आणि फुप्फुसांकडे पाहायचे राहून जाते.

हानेमान यांच्याविषयी मात्र एक गोष्ट त्यांच्या अनुयायांनीही फारशी सांगितलेली नाही. ‘समाने समाला बरे करावे’ हे तत्त्व मांडणारा त्यांचा निबंध १७९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेनर यांनी गाईच्या देवीचा द्राव एका मुलाला टोचला. पुढे १८१० साली निघालेल्या आपल्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात हानेमान यांनी गाईच्या देवीचा दाखला आपल्या तत्त्वाच्या समर्थनार्थ दिला आणि ही लस सर्वत्र टोचली जाऊ लागल्यापासून देवीच्या साथी पूर्वीसारख्या उग्र राहिल्या नाहीत, असे नंतरच्या आवृत्तीतल्या तळटीपेत कौतुकाने नोंदवले. आज होमिओपॅथीच्या नावाने लसीला विरोध करणाऱ्याने आपल्या मूळपुरुषाची ती तळटीप वाचायला हरकत नाही. मुंबईपुरते सांगायचे तर हानेमान हयात असतानाच, १४ जून १८०२ रोजी, याच शहरात अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात लस मिळालेली ती पहिली व्यक्ती. लसीशी या शहराची ओळख होमिओपॅथीपेक्षा जुनी आहे.

प्रतिबंधक गोळीची कल्पना मात्र हानेमान यांचीच. स्कार्लेट फीव्हर या अंगावर लाल पुरळ येणाऱ्या तापाच्या साथीत एका घरातली इतर मुले आजारी पडली. पण बोटांच्या सांध्यांच्या दुखण्यासाठी आधीपासून बेलाडोना हे औषध घेणारी मुलगी वाचली, असे त्यांना दिसले आणि त्यावरून त्यांनी बेलाडोना हे त्या आजाराचे प्रतिबंधक ठरवले. एका मुलीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्याचे धाडस त्या काळात अनेकांनी केले असते, त्याबद्दल त्यांना एकट्याला दोष देणे योग्य नाही. पण या उदाहरणात या पद्धतीची सगळ्यात मोठी उणीव दडलेली आहे. स्कार्लेट फीव्हर जिवाणूने होतो, गोवर विषाणूने होतो, रुबेला वेगळ्याच विषाणूने होतो आणि डेंग्यूतही अंगावर पुरळ येते. होमिओपॅथी औषध निवडते ते लक्षणांच्या साधर्म्यावरून. कारणाला तिच्या निवडीत दुय्यम स्थान आहे. ताप आणि पुरळ असलेले मूल समोर आले, त्याला तहान लागत नाही, ते रडवेले झाले आहे, त्याला मोकळी हवा हवीशी वाटते, डोळ्यांतून पाणी येते, की निघाले पल्सॅटिला किंवा युफ्रेशिया. यात मुलाचे निरीक्षण बारकाईने होते हे मान्य. पण ते मूल कोणत्या विषाणूचे वाहक आहे, हा प्रश्न त्या निरीक्षणात उरतच नाही.

रुबेलाचेच पाहा. मुलाला हा आजार इतका सौम्य होतो की दोन-तीन दिवसांचे पुरळ आणि कानांमागच्या गाठी यापलीकडे काही जाणवत नाही, आणि गोळी दिलेली असो वा नसो, मूल खेळू लागते. त्याच घरात गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत असलेली काकू किंवा वहिनी असेल आणि तिला पूर्वी रुबेला झालेला नसेल, लसही मिळालेली नसेल, तर तिच्या पोटातल्या बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचे दोष घेऊन जन्मावे लागण्याचा धोका असतो. समोरच्या रुग्णाच्या लक्षणांवर सगळे लक्ष केंद्रित करणाऱ्या उपचाराला ही काकू दिसत नाही. म्हणूनच आपल्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची आणि रुबेलाची लस एकत्र दिली जाते.

गोळ्यांमध्ये असते काय, याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण हा हिशेब बहुतेकांना माहीत आहे. बाटलीवरच्या ‘३०’ या अंकाचा अर्थ मूळ पदार्थ दर वेळी शंभर पट असा तीस वेळा पातळ केलेला असतो, म्हणजे १ वर ६० शून्ये इतका. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपत येते. तरीही गुण येतो का, हे तपासण्याचे प्रयत्न झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, होमिओपॅथी परिणामकारक ठरते असा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष २०१५ साली जाहीर केला.

गोवरासाठी या पद्धतीचे खास साधन म्हणजे मॉर्बिलिनम नावाचे ‘नोसोड’. रोग्याच्या स्रावापासून तयार करून वर सांगितल्याप्रमाणे पातळ केलेले हे औषध काही ठिकाणी ‘होमिओपॅथीची लस’ म्हणून दिले जाते. लस आणि नोसोड ऐकायला सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही रोगापासूनच तयार होतात. फरक असा की लसीतला दुर्बळ केलेला विषाणू शरीरात खरोखर वाढतो आणि रोगप्रतिकारशक्तीला ओळख पटवून देतो. नोसोडमध्ये ओळख पटवायला कोणी उरलेलेच नसते. कॅनडात विद्यापीठातल्या १५० विद्यार्थ्यांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींना नेहमीची लस मिळाली, काहींना नोसोड, काहींना निव्वळ पाणी किंवा साखर. लस घेतलेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, वाढली. नोसोड घेतलेल्यांच्या रक्तात काहीही बदल झाला नाही. त्याआधीच कॅनडाच्या आरोग्य खात्याने नोसोडच्या बाटलीवर ‘ही लस नाही आणि लसीला पर्यायही नाही’ अशा आशयाचा इशारा छापण्याची सक्ती केली होती. ब्रिटनमधल्या होमिओपॅथ डॉक्टरांची ‘फॅकल्टी ऑफ होमिओपॅथी’ ही संस्थादेखील नेहमीच्या वेळापत्रकानुसार लसीकरण करावे, असेच सांगते. तेव्हा या मुद्द्यावर लसीच्या बाजूने बोलणे म्हणजे होमिओपॅथीच्या विरोधात बोलणे, असे समजण्याचे कारण नाही.

होमिओपॅथ यावर म्हणतात की आमचे औषध व्यक्तीगणिक ठरते, त्यामुळे सरसकट चाचण्या आम्हाला लागू होत नाहीत. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घ्यायला तयार आहे. पण मग एकाच औषधाच्या हजारो बाटल्या सोसायट्यांमधून वाटायच्या कशा? २०२० साली करोनाच्या साथीत महाराष्ट्रात ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ घरोघर वाटले गेले, कित्येक बाटल्यांवर स्थानिक पुढाऱ्यांची छायाचित्रे होती, आणि तेव्हा कोणीही कोणाच्या तहानेची किंवा स्वभावाची चौकशी केली नाही. त्यांच्या शास्त्रात यालाही एक उत्तर आहे. प्रत्येक साथीला स्वतःचा एक स्वभाव असतो, अनेक रुग्णांची लक्षणे एकत्र करून तो ओळखायचा आणि त्यावरून साथीचे समान औषध ठरवायचे. पण आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम अल्बमची शिफारस केली ती २९ जानेवारी २०२० रोजी, आणि भारतातला पहिला करोनारुग्ण केरळात आढळला तो ३० जानेवारीला. एकही रुग्ण समोर नसताना साथीचा स्वभाव कोणी ओळखला, हे होमिओपॅथीच्याच नियमांनी कोणीतरी समजावून सांगावे. सरकारनेच असे केल्यावर ‘प्रतिबंधक गोळ्या’ हा शब्द लोकांच्या तोंडी कायमचा बसला, आणि करोनानंतर तो गोवर-कांजिण्यांनाही लावला जाऊ लागला.

कांजिण्यांची लस आपल्या सार्वत्रिक कार्यक्रमात नाही आणि निरोगी मुलांमध्ये तो आजार बहुधा सौम्यच असतो, म्हणून त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. गोवर तसा नाही, आणि ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण ‘लहानपणी सगळ्यांनाच यायचा’ या आठवणीने त्याचा धाक गेला आहे. ज्यांना येऊन गेला आणि जे जगले, तेच आठवणी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२३ साली जगभरात १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे गोवराने दगावली, आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. हजारांतल्या एखाद्या रुग्णाला मेंदूची सूज येते. काही मुलांमध्ये विषाणू मेंदूत दबा धरून बसतो आणि अनेक वर्षांनी, मूल शाळेत जाऊ लागल्यावर, अभ्यासात मागे पडणे, झटके येणे असे करत त्याला पुरते निकामी करतो. त्या आजारावर उपाय नाही.

‘नैसर्गिक आजाराने मूल काटक होते’ ही समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की गोवर होऊन गेल्यावर मुलांच्या शरीरातली इतर रोगांविरुद्धची आधीची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. गोवर शरीराची स्मरणशक्ती पुसतो. आधी झालेल्या सर्दी-खोकल्यांनी, जुलाबांनी, न्यूमोनियाने जे शिकवले ते मुलाला नव्याने शिकावे लागते, आणि म्हणून गोवरातून उठलेले मूल पुढचे कित्येक महिने दुसऱ्याच कशाने तरी आजारी पडत राहते. त्या पुढच्या आजारांचे खाते कोणी गोवराच्या नावावर मांडत नाही. गोळ्यांची यशोगाथा पुरळ मावळते तिथेच संपलेली असते.

आईला मात्र हातावर हात ठेवून बसवत नाही, काहीतरी द्यावेसे वाटते, आणि ही ओढ समजण्याजोगी आहे. तिला देण्यासारखे काहीतरी आहेही. जीवनसत्त्व ‘अ’च्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी, एक वर्षावरील मुलाला प्रत्येकी २ लाख युनिट आणि सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख युनिट, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते. विशेषतः कुपोषित मुलांमध्ये या साध्या, स्वस्त उपायाने मृत्यू आणि अंधत्व टळते. त्याच्या जोडीला जुलाबांसाठी क्षारसंजीवनी, भरपूर पाणी, चालू ठेवलेले स्तनपान, आणि श्वास जलद चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा मूल सुस्तावले तर तत्काळ रुग्णालय.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत, मुख्यतः गोवंडीच्या परिसरात, गोवराची साथ आली आणि पुढे भिवंडी, मालेगावपर्यंत तिचे रुग्ण सापडले. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीतल्या एकाच वस्तीत गोवरसदृश आजाराने तीन मुले दगावल्यावर सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले, कस्तुरबा रुग्णालयात गोवराचे कक्ष भरले आणि केंद्राचे पथक मुंबईत येऊन गेले. ही साथ होमिओपॅथीमुळे आली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. करोनाच्या दोन वर्षांत हुकलेले लसीकरण, एका खोलीत आठ-दहा माणसे, कुपोषण, रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणे न परवडणारे पालक आणि टोचल्यावर येणाऱ्या तापाची धास्ती, या कारणांनी ती आली. लस ठरवून नाकारून घरी बाटली ठेवणारे पालक मला बहुधा सुस्थितीतल्या वस्त्यांमध्येच भेटले आहेत. त्यांचे मूल आजारी पडले तर त्यांना मोटारीने बालरोगतज्ज्ञाकडे जाता येते. त्यांच्या निर्णयातला हा विरोधाभास मला खटकतो.

कारण गोवराचे गणित एका घराचे नाहीच. एक रुग्ण लस नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना हा आजार देऊ शकतो; रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत विषाणू टिकतो; आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असते. म्हणूनच ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ अडते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना एरवी लस देता येत नाही, आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलालाही ती देता येत नाही. ही मुले शेजाऱ्यांच्या लसीच्या आडोशाला जगतात. ‘माझे मूल, माझा निर्णय’ हे वाक्य मधुमेहाच्या किंवा गुडघेदुखीच्या गोळ्यांना लागू पडेल. गोवराच्या बाबतीत ते वापरणारा माणूस इमारतीतल्या दुसऱ्याच्या बाळाचाही निर्णय घेत असतो.

महाराष्ट्रात २०२५ साली होमिओपॅथ डॉक्टरांच्या नोंदणीवरून आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर त्यांनी आधुनिक औषधे लिहिण्यावरून मोठा वाद झाला, डॉक्टरांचा संपही झाला. कोणाची चिठ्ठी कुठे चालावी, याभोवतीच तो फिरत राहिला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की वस्तीतल्या आईचा पहिला डॉक्टर अनेकदा बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेतलेला असतो, तो साडेपाच वर्षे शिकलेला असतो, रात्री नऊ वाजता त्याचा दवाखाना उघडा असतो आणि त्याच्यावर तिचा विश्वास असतो. या डॉक्टरला हिणवून लसीकरणाचे काहीच भले होणार नाही. त्याच्यावर काही स्पष्ट बंधने घालावीत आणि त्याला कामही द्यावे. कोणत्याही नोसोडची किंवा गोळीची ‘प्रतिबंधक’ म्हणून जाहिरात करण्यास बंदी असावी, आणि सरकारी खात्यांनी आधी ती स्वतःवर घालून घ्यावी. ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण त्याच दिवशी पालिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे त्याच्यावरही बंधनकारक असावे. शिवाय, त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहून नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांची मात्रा झाली आहे की नाही, हे त्याने नोंदवावे आणि राहिली असेल तर आशाताईला निरोप द्यावा. गोड गोळ्या त्याने खुशाल द्याव्यात.

हे काम किती तातडीचे आहे, ते एका साध्या गोष्टीवरून कळते. गोवर झालेल्या मुलाच्या संपर्कात आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली, तर लस न घेतलेल्या भावंडाचा आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. थोरल्याला घेऊन आलेल्या आईच्या कडेवर बहुधा धाकटे असते. पुरळ दिसेपर्यंत ते तास बहुधा उलटून गेलेले असतात. म्हणून कार्ड तपासायचे ते थोरल्याला ताप, खोकला आणि लाल डोळे असतानाच, पुरळाची वाट न पाहता, आणि थोरल्याच्या आधी धाकट्याचे.